तिवाट्यावरचं अंडं

"ते अंडं आधी घराभाईर काढ राम्या, मग माझ्यासंगं तोंड चालव!"

माय कोठ्याच्या दारात उभी होती. हातात झाडू, तोबी उलटा धरलेला. मी दारात आडवा पाय टाकून बसलो होतो, मनून तिला आत शिरता येत नव्हतं.

"काढत न्हाई," मी मनलो. "जित्तं हाय ते."

"जित्तं हाय मनूनच काढ मनायले! मेलेलं असतं तर मी कशाला भ्यायले असते?"

"मग तूच जा आत. घे हिसकून त्याच्या हातातून. जा की!"

माय जागची हलली न्हाई. माझ्या डोक्यावरून ती आत बघायली होती. आत कडब्याच्या ढिगाला टेकून माझा मोठा भाऊ शिवशंकर बसला होता. गुडघे पोटाशी, दोन्ही हाताची ओंजळ पोटाला लावलेली. ओंजळीत ते अंडं. अन् त्याच्या गळ्यातून आवाज यायला होता. कुडूक... कुडूक... कुडूक. ओठ मात्र बंद.

झाडू खाली आला. "बघ," माय एकदम बारीक आवाजात मनली. "बघ तुझ्या भावाचं काय झालंय. अन् तू मनतूस काढत न्हाई."

सांगतो सगळं. पण भराभर सांगतो, माझ्याकडं वेळ कमी हाय.

आमचं घर रेणापूरच्या कडंला, शेताच्या अंगाला. शाळा मी नववीत सोडली. सरानं डस्टर फेकून मारलं, मी तेच डस्टर परत फेकून मारलं, संपला विषय. तवापास्न कोंबड्या माझ्याकडं. कोठ्यात आता जनावर न्हाई, कोंबड्याच असतात. शिवादादाचं उलटं. लई हुशार. डॉक्टर व्हायचं मनून लातूरला खोली करून राह्यला, क्लास लावला, दोनदा परीक्षा दिली. खोलीतल्या बाकीच्या पोरांचा नंबर लागला. एक आंबाजोगाईला गेला, एक नांदेडला, एक तिकडं लांब कुठंतरी. दादा राह्यला. दिवाळीच्या आधी आबा, आमचे वडील, जाऊन त्याला एसटीनं घेऊन आले. उतरले तवा ट्रंक आबाच्या डोक्यावर अन् दादा मागं मागं, हात रिकामे.

तवापास्न दादा आतल्या खोलीत. रडत न्हाई, भांडत न्हाई. विचारलं तर हाव, नायतर न्हाई. ताटातली भाकर वाळून पापड व्हायची. लातूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत, त्या गुमान घेतो. पण फाटकाच्या भाईर मनून पाऊल टाकलं न्हाई. आबानं फवारणीचं औषध गुपचूप दुसऱ्याच्या घरी नेऊन ठिवलं. मला कुणी सांगितलं न्हाई, पण मला दिसतं. फळीवर डब्याच्या बुडाचा गोल डाग तसाच हाय.

संक्रांत झाली अन् आमची भुरी खुडूक बसली. खुडूक बसली मंजी कोंबडी अंडी द्यायचं सोडते, पिसं फुगवून एक कोपरा धरते, जवळ गेलं की कुर्रर्र करून अंगावर येते. मला बरंच वाटलं. फुटक्या घमेल्यात भुसा घातला, वर कडब्याचा चुरा, चुऱ्यात एक कोळसा अन् एक खिळा. आभाळ गडगडलं तर अंडी फसकू, नासू नयेत मनून घालतात, सगळेच घालतात. मग अंडी मांडली अन् भुरीला वर बसवलं.

एकेका अंड्यावर मी कोळशानं रेघ मारलेली असते. कारण बाकीच्या कोंबड्या बेरकी. भुरी दाणे टिपायला उठली की लाली जाऊन तिच्याच घमेल्यात अंडं देऊन येणार. ते बिनरेघेचं अंडं त्याच दिवशी काढावं लागतं. ठिवलं तर ते मागून उबायला लागतं, अन् मागून उबलेल्याचं काही खरं नसतं. आधीची पिल्लं निघाली की कोंबडी उठते. मागं राह्यलेल्याची वाट बघत न्हाई. तिच्या मागं जे चाललं, ते तिचं.

भुरी बसून दोन-तीन दिवस झाले असतील, तवर अवस आली. मायला शेजारणी मनायल्याच होत्या, पोराला नजर लागली, हुशार लेकराला लागतेच. दिवस मावळायला मायनं दादाला पाटावर बसवलं. लालीचं अंडं घेतलं, त्याला हळद लावली, कुंकू लावलं, काजळाचं बोट टेकवलं. मीठ-मिरची संगं घेऊन त्याच्यावरून उतरवलं. "आल्यागेल्याचं, घरच्यादारच्याचं, लेकराच्या अंगात जे बसलंय ते ह्यात ये," असं पुटपुटत. दादा पाटावर बसून त्या अंड्याकडं बघायला होता. लई दिवसांनी त्याला कशाकडं तरी नीट बघताना मी बघितलं.

मग माय ते घेऊन तिवाट्यावर गेली. आमच्या घरापास्न हाकेच्या अंतरावर तीन रस्ते मिळतात, तिथं बाभळीखाली. उतारा ठिवला की मागं वळून बघायचं न्हाई, सरळ घरी येऊन पाय धुवायचे. मायनं जातानाबी बघितलं न्हाई, येतानाबी न्हाई.

बघितलं असतं तर तिला दादा दिसला असता.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. दुपारी भुरी उठली मनून मी घमेल्यात हात घातला, तर एक अंडं बिनरेघेचं. लालीचं असंल मनून काढलं, अन् माझा हात तसाच राह्यला. पिवळं. एका अंगाला कुंकू पुसलेलं. अन् काजळाचं बोट, मायच्या बोटाएवढं.

मागं दादा उभा होता. कवा आला कळलं न्हाई. अनवाणी.

"तू आणलंस?"

"हाव."

"तिवाट्यावरनं?"

"हाव."

"येडा झालास का? ते कामून उचललंस?"

दादानं अंड्यासाठी हात म्होरं केला. मग मनला, "तिथं कुत्रं टपून बसलं होतं."

एवढंच. अन् माझ्या हातातून अंडं घेतलं, परत घमेल्यात ठिवलं, बाकीच्यांच्या मधोमध.

मी ते कवाच भिरकावलं असतं. खरं सांगतो, पाच-सहा दिवसांनी एकदा दादा आत असताना हात उचललाबी होता. पण मनलं आधी बघावं तर खरं. कोठ्याच्या पत्र्याला एक भोक हाय, दुपारी तिथनं उन्हाची तिरीप येते. मी अंडं तिरपीत धरलं. आत लाल लाल दोरे पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मधी एक काळा ठिपका. ठिपका हलला. माझ्याकडं बघितल्यासारखा हलला.

मी अंडं खाली ठिवलं अन् भाईर येऊन बसलो.

त्याच्यापुढचं तर अजून इचित्र. भुरी दिवसातून एकदाच उठायची, ऊन डोक्यावर आलं की. दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत अंग घोळायची, परत जायची. तर दादाबी त्याच टायमाला खोलीतून भाईर यायला लागला. भुरी दाणे टिपायची, दादा दगडावर बसून भाकर खायचा. अर्धी, मग पाऊण. भुरी उठली की दादा उठायचा. भुरी आत गेली की दादा आत.

मायला तर आभाळ ठेंगणं. "उतारा लागला गं बाई, लेकरू जेवायलं!" मनून मारुतीला साखर वाटून आली. शेजारची उज्वलाकाकू मनली, "मी सांगतलं नव्हतं का सिंधुबाई?" मी गप. मायनं जे लेकराच्या अंगातून काढून गावाभाईर धाडलं होतं, ते आमच्याच कोठ्यात, आमच्याच कोंबडीच्या पोटाखाली वाढायलं होतं. अन् ते जसं वाढायलं, तसा दादा जेवायला होता.

एक दिवस सांजच्याला मी कोंबड्या कोंडून घरात आलो, तर आतल्या खोलीतून आवाज. कुडूक... कुडूक... अंडी फुटायला आली की कोंबडी असं बोलते, आतल्या पिल्लासंगं. मला वाटलं भुरी शिरली घरात. पडदा सारला. दादा कुशीवर पडलेला, गुडघे पोटाशी, ओंजळ रिकामी. आवाज त्याचाच.

"दादा, कोंबडीची नक्कल करायलास का?"

तो थांबला. "न्हाई. तिकडून हाक आली की जवाब द्यावा लागतो."

"कोण हाक द्यायलंय?"

त्यानं कोठ्याकडं बघितलं. मधी दोन भिंती. अन् तवा अंडी फुटायला अजून लई अवकाश होता. तवा कुठलंच अंडं बोलत नसतं, हे मला म्हाईत हाय.

काल पिल्लं निघाली. एक फसकलं, बाकीची सगळी निघाली. मी कणी भरडून ठिवली, पाण्याच्या झाकणीत खडे टाकले, नायतर बारकी पिल्लं पाण्यात पडून मरतात. लालीनं एका पिल्लाच्या डोक्यात टोच मारली, तिला हाणून दुसरीकडं कोंडलं. पिवळं अंडं तसंच होतं. मनलं अजून दोन रोज भुरी बसली पायजे, कसंबी करून.

आज सकाळी भुरी उठली. पिल्लं मागं लावली अन् अंगणात गेली.

मी काही करायचं बाकी ठिवलं न्हाई. पिल्लं उचलून खोक्यात घातली, भुरीला घमेल्यावर बसवून वरून बांबूचं डालगं झाकलं. तिनं आत नुसता धिंगाणा घातला. पिल्लं भाईर च्यूं च्यूं करायली अन् ही आत डोकं आपटून घ्यायली, अंड्यावर नाचायली. फुटलंच असतं. डालगं उचललं तशी पळाली. शिव्या दिल्या मी तिला, लई घाण शिव्या. तिला काय. पिल्लं घेऊन उकिरडा उकरत बसली.

अंडं घमेल्यात एकटं. माघाची थंडी अजून गेली न्हाई.

दुपारी दादा नेहमीसारखा भाईर आला. भुरीला उन्हात बघितलं, मागं पिल्लांची रांग बघितली. भाकरीकडं बघितलंच न्हाई. सरळ कोठ्यात गेला, अंडं उचललं अन् बसला.

"हातात धरून निघत न्हाई ते," मी मनलो.

"बाकीची निघाली," तो मनला. "हे राह्यलं."

"अरे मनूनच मनायलो, काहीतरी करू. तू उठ."

"राह्यलेलं कुठं जातं रे, राम्या?"

मी रिकाम्या खोक्याला लाथ मारली. तेवढ्यात माय ताट घेऊन त्याला हुडकत आली अन् तिला दिसलं. आपल्याच बोटाचं काजळ बाई वळखणारच. ताट पडलं, कालवण सगळं दारात. अन् मग ते झालं, जे वर सांगितलं.

माय दारात खालीच बसली. सांडलेल्या कालवणात. "जे माझ्या लेकराला खायलं होतं, ते तुमी उबवायलाव," मनली. "ते भाईर आलं तर कुणाच्या अंगात शिरंल? तुझ्या? माझ्या?"

"माय, पिल्लू हाय ते. चोच हाय त्याला."

"तुला काय म्हाईत, काय हाय!"

खरंच मला काय म्हाईत. मी आत गेलो, दादाच्या ओंजळीला कान लावला. आत टोकरायचा आवाज. टिक. टिक. मधीच थांबायचा. दादानं कुडूक केलं की परत टिक. दादाचे हात गारढोण होते. मला एकच कळलं. हे अंडं ह्याच्या हातात गार पडलं, तर ह्याला परत त्या खोलीतून कुणी भाईर काढू शकणार न्हाई. ना गोळ्या, ना आबा, ना मी.

मी उठून पळालो.

तिवाट्याच्या पलीकडं हसीनाचाचीचं घर. तिचा ताहेर माझा दोस्त, रोडवर पंक्चर काढतो. मला म्हाईत होतं, चाचीची पांढरी कोंबडी खुडूक हाय. चाचीला अंडी पायजेत, मनून ती खुडूक मोडायली होती. पाण्यात बुडवून झालं होतं, आता नाकात पीस खुपसून अंगणात सोडली होती. कोंबडी नाकातलं पीस झटकत गोल गोल फिरायली होती, अन् तशातबी कोपऱ्यातल्या राखंत जाऊन बसायली होती.

"चाची, तिची खुडूक मोडू नका! मला पायजे दोन रोज."

"कायकू रे? बुडा बुडाको मेरे हातां दुख गए."

ताहेर हसला. "क्या रे, इसके घर कोंबड्या कम पडे क्या? अब मांगको ले जाने लगा."

"तू गप बस. चाची, एक अंडं हाय. राह्यलेलं. भुरी उठली."

"तो ला ना. एक अंडे का क्या." मग ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली. "कैसा अंडा हाय?"

मला खोटं जमत न्हाई. मी सगळं सांगितलं. चाचीनं दोन्ही कान धरले. "तोबा. उतारे का?"

"फेक दे ना यार," ताहेर मनला. "तेरा भाई तो पागल हुआ, तूबी..."

मी त्याची गचांडी धरली. खरंच मारलं असतं. चाचीनं मधी पडून दोघालाबी एकेक चापट दिली. मग ती राखंतल्या कोंबडीकडं बघत उभी राह्यली.

"शिवा खुद उठाको लाया?"

"हाव."

"चलको? फाटक के बाहर?"

"हाव. अनवाणी."

"तेरी माँ उसको निकालने कू इत्ते दिनां से रोरी. अन् वो एक अंडे के वास्ते निकला." चाची खाली बसली, कोंबडी उचलली, मांडीत दाबून धरली. "मैं तेरे हात से नै लेती. तेरी माँ के हात सेबी नै. जिसका उतारा हाय, वोईच लेको आना. मेरे हात में देना. बोल उसकू."

"तो न्हाई यायचा, चाची."

"तो नै आया तो नै आया." अन् तिनं कोंबडीच्या नाकातलं पीस सटकन ओढून काढलं.

मी परत पळत आलो. दादाच्या म्होरं उकिडवा बसलो अन् सांगितलं, जसं चाची मनली तसंच. माय मागून वरडली, "परत त्याच तिवाट्यावरनं न्हेणार का त्याला? ते घेऊन?"

दादानं मायकडं बघितलं, मग अंड्याकडं. मग उठला. गुडघे कडाकडा वाजले. अंडं माझ्याकडं केलं. "काखेत धर. मी तोंड धुतो."

तर आता मी उंबऱ्यावर बसलोय, अंडं काखेत धरून. हे सगळं तसंच बसून सांगायलोय. न्हाणीतून पाण्याचा आवाज यायलाय, लई वेळ झाला. आबा शेतातून आले. न्हाणीत तोंड धुणारा दादा बघितला, माझी काख बघितली. माळ्यावरनं दादाची चप्पल काढली. तिच्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. आबानं चप्पल भिंतीवर दोनदा झटकली, धोतराच्या सोग्यानं पुसली अन् फाटकाकडं तोंड करून उंबऱ्याम्होरं ठिवली.

माय आतून आली. डोळे सुजलेले. माझ्याजवळ वाकून मनली, "तू म्होरं चाल. तिवाट्यावर थांबू नको. अन् काही झालं तरी मागं वळून बघू नको. ऐकायलास ना?"

मी हाव मनलो. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली न्हाई. मगाशी काखेत टिक टिक करत होतं. पाण्याचा आवाज सुरू झाल्यापास्न ते गप हाय. गरम हाय, पण गप.

पाणी बंद झालं. दादा आला. तोंड ओलं, केसातून थेंब गळायलेत. चपलीत पाय घातला, एक, मग दुसरा. "दे," मनला. मी दिलं. त्यानं अंडं कानाला लावलं अन् गळ्यातून कुडूक केलं. आबा थांबले, माय थांबली. मला तर काहीच ऐकू आलं न्हाई.

"हाय," दादा मनला. "चल."

मायनं सांगितलंय मागं बघू नको मनून. तिनं एकदा बघितलं न्हाई, तवा काय झालं ते वर सांगितलंच. मी बघणार हाय. दर चार पावलांला बघणार हाय. तो फाटकाला हात लावून उभा हाय. मला आता निघावं लागतंय.